या वेळच्या मावशी

"तू रविवारी जायचं नाहीस. विषय संपला."

"संपला कसा? मी अजून सुरूसुद्धा केलेला नाही."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. तो जरा आपटला गेला म्हणून पुन्हा उचलून हळू ठेवला. स्वयंपाकघर एवढंसं. चौघं जेवायला बसली की फ्रीज उघडण्यासाठी एकाला उठावं लागे. आज ती पाळी त्याची होती, पण तो उठेना, आणि सासूबाईंचं दूध आतच राहिलं होतं.

"आई, तुम्ही तरी सांगा यांना."

"मला मध्ये ओढू नका. मला ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सोयीने ऐकू येत नसे.

मुलीच्या हातात बापाचा फोन होता, त्यावर सहलीचा ग्रुप उघडलेला. "पण बाबा, त्यांनी किती प्रेमाने लिहिलंय. ‘रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायला जमायचं. गाईडसाहेब, तुम्ही पाहिजेतच. आणि आपल्या मावशींना कुठूनही शोधून आणा. मावशींशिवाय मजा नाही.’ खाली नुसते अंगठेच अंगठे."

"शोधायला कशाला पाहिजे," त्याची बायको ओट्यापासून म्हणाली. "पोळ्या लाटताहेत की."

एरवी या घरात असल्या वाक्याला हशा मिळाला असता. आज नवऱ्याने ताटातला घास उगाच इकडून तिकडे केला.

"हे बघ," तो म्हणाला, "मी एकटा जातो. मावशींचा पत्ता नाही, फोन नाही, असं सांगतो. जेवतो आणि येतो. दोन महिन्यांत तो ग्रुप आपोआप थंड होईल. सगळे होतात."

"आणि तो फोटो?"

फोटो त्याच ग्रुपवर होता. तळ्याकाठी दगडी बाक, बाकावर ती आणि तिचा नवरा. त्याने एका हाताने तिच्यापुढे एक रानफूल धरलेलं, मागे सगळी बस पोट धरून हसणारी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘अखेर मावशींना जोडीदार मिळाला.’

"छान आलाय पण तो फोटो," मुलगी हळूच म्हणाली. "तुमचा दोघांचा दुसरा नाहीच आहे."

"तू गप्प बस," दोघं एकदम म्हणाली.

गेल्या कित्येक दिवसांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

*

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर काढण्याचं काम मालकांचं. हिचं काम त्यानंतरचं, म्हणजे चष्मा माणसाला बसवण्याचं. काड्या गरम हवेवर धरायच्या, अंगठ्याने वाकवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून बघायचं, नाकावरच्या उशा जवळ-लांब करायच्या. "कानामागे दुखतंय का? खाली बघा. आता मान हलवा. घसरतोय?" दिवसभर हेच. सबंध गल्ली तिला चष्मेवाल्या वहिनी म्हणते, आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा कुठला कान खाली आहे ते तिला पाठ आहे. दोन्ही कान एका पातळीवर असलेला माणूस तिने अजून पाहिलेला नाही.

दुकानात तिचा स्वतःचा एक नियम आहे. नवीन आलेल्या पोरींना ती तो पहिल्या दिवशीच सांगते. माणूस नवी फ्रेम घालून आरशासमोर उभा असताना हसायचं नाही. कितीही विचित्र दिसू दे. त्या क्षणी त्याला स्वतःला नीट दिसत नसतं, आणि आपल्याला तो लख्ख दिसत असतो. हा फायदा घ्यायचा नाही.

असा नियम करणारी बाई घरी जेवताना मात्र मनसोक्त हसत असे.

तिचा नवरा सहलींच्या बसवर गाईड आहे. डोंगरातली प्रसिद्ध ठिकाणं, दोन दिवस, एक मुक्काम: जुना राजवाडा, गुहा, धबधबा, तळं आणि शेवटी सूर्यास्ताचा कडा. वर्षानुवर्षं तीच ठिकाणं, त्याच क्रमाने. त्या ठिकाणांविषयी तो घरी कधी बोलत नसे. त्यांच्याविषयी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बोलायचा तो माणसांविषयी, आणि त्यातही एकाच माणसाविषयी.

बस सुटते तेव्हा तिच्यात फक्त अनोळखी माणसं असतात, असं तो सांगे. आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली, खिडकीच्या पडद्यावरून कुरबुरणारी. त्यांची बस बांधावी लागते. ‘बस बांधणं’ हा त्याचाच शब्द. बांधायची कशाने? सगळ्यांना मिळून हसता येईल अशा एका माणसाने. तो माणूस पहिल्या थांब्यापर्यंत हेरायचा. शक्यतो बाई, शक्यतो वयस्क, एकटीच आलेली. रडणारी नको, भांडणारी नको. स्वतःवर हसून घेणारी हवी, आणि तिची काहीतरी एक लकब हवी, म्हणजे दोन दिवस पुरते. तिला माइकवरून ‘मावशी’ म्हणायचं. एकदा मावशी सापडल्या की दुपारपर्यंत लोक एकमेकांना खाऊ वाटायला लागतात, संध्याकाळी गाणी म्हणतात आणि उतरताना एकमेकांचे नंबर घेतात. ऑफिसात त्याच्या बसची मागणी सगळ्यात जास्त होती ती यामुळे.

तो सहलीहून परतला की जेवताना मुलीचा ठरलेला प्रश्न असे, "या वेळी मावशी कोण?"

मग मावशींची गोष्ट रंगत जाई. टोपीवाल्या मावशी. गुहेत चप्पल काढून गेलेल्या मावशी. धबधब्याला ‘रात्री बंद करतात का’ असं विचारणाऱ्या मावशी. मुलगी नकला करायची. सासूबाईंना तेवढ्यापुरतं स्वच्छ ऐकू यायचं. आणि ती? ती नुसतीच हसत नसे. नवऱ्याची वाक्यं जरा लांबट असत, ती त्यांना आकार देई. एकदा कुणी मावशी राजवाड्यातून बसकडे परतायला उशीर करत होत्या. "मग तुम्ही काय म्हणालात?" "म्हटलं, मावशी अजून बघताहेत." "त्यात काय गंमत? म्हणायचं, मावशींना राजवाडा पसंत पडलाय, भाव करताहेत." नवरा घास हातात धरून हसत सुटला होता. पुढच्या सहलीपासून ते वाक्य बसमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं.

या सगळ्यांत त्यांच्या घरात सर्वाधिक गाजल्या त्या मागच्या वर्षीच्या थर्मासवाल्या मावशी. प्रत्येक ठिकाणी थर्मास छातीशी धरून फिरत. मुलगी चमचा छातीशी धरून त्यांची नक्कल करायची, "गाईडभाऊ, जरा हळू घ्या, माझा चहा हिंदकळतोय." महिनाभर घरात कुणी काही सांडलं की तेच वाक्य.

*

तिने स्वतः ती ठिकाणं कधी पाहिली नव्हती. लग्नानंतर "नेऊ, नेऊ" असं सुरुवातीला तो म्हणायचा. नंतर ती चिडवायची, "सगळ्या जगाच्या बायकांना धबधबा दाखवून आणता." नंतर तीही विसरली.

मग गेल्या पंधरवड्यात एकटीने नाव नोंदवलेल्या एका बाईंचा सहलीच्या आदल्या दुपारी त्याला फोन आला, येत नाही म्हणून. सीटचे पैसे भरलेले, माणूस नाही. ऑफिसचा नियम पक्का होता, रिकामी सीट रिकामीच न्यायची, घरचं माणूस बसवायचं नाही. एका ड्रायव्हरला त्यावरून काढलं होतं. पण नवरा घरी आला तो एकदम म्हणाला, "चल. बॅग भर. त्या बाईंच्या जागी तू." त्याचा चेहरा लग्नाच्या वेळी होता तसा दिसत होता, आणि ती नियमाचं काही बोललीच नाही.

एवढंच ठरलं की ओळख दाखवायची नाही. "मला ‘अहो’ म्हणू नकोस," तो सकाळी निघताना म्हणाला. "काही लागलं तर गाईडसाहेब म्हण."

"आणि तुम्ही मला काय म्हणणार?"

"मी कशाला हाक मारतोय?"

तिला त्याची मजाच वाटली. दोघांनी वेगवेगळं घराबाहेर पडायचं, बसच्या दाराशी त्याने तिला परक्यासारखं "या, सावकाश" म्हणायचं. तिला मिळालेल्या जागेशेजारी एक निवृत्त नर्स बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या बाई खिडकीकडे वळल्या, पिशवीत हात घातला आणि पिशवीच्या आतच कसलंसं झाकण फिरवलं. चहाचा वास आला. पिशवीतून थर्मासचं निळं टोक दिसलं.

तिने श्वास रोखला. थर्मासवाल्या मावशी. आपल्या शेजारी, प्रत्यक्ष. कुणी प्रसिद्ध व्यक्ती भेटावी तसा तिला आनंद झाला. मुलीला सांगायला किती मिळणार, या विचाराने ती खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत राहिली. बाई चहा असा लपवून का पितात, हे तिच्या मनातही आलं नाही.

बस त्या दिवशी बांधली जाईना. एक मोठं कुटुंब आपसातच गुंग, काही जोडपी फोनमध्ये डोकं घालून, मागे दोन भाऊ गाडीच्या वेगावरून ड्रायव्हरशी वाद घालणारे. नवऱ्याने दोनतीन ठिकाणी खडा टाकून पाहिला. कुठेच तरंग उठला नाही. राजवाड्यापाशी सगळे उतरले. ती आत एका दालनात रमली. छतावर रंगवलेल्या वेली होत्या, मान दुखेपर्यंत ती त्या बघत राहिली. बाहेर आली तर बस सुरू होती आणि सगळे आत बसलेले. "अजून एक मावशी यायच्यात," कुणीतरी म्हणालं. ती पायऱ्या चढत होती तेवढ्यात डोक्यावरच्या स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला.

"येऊ द्या, येऊ द्या. मावशींना राजवाडा पसंत पडलाय. भाव करत होत्या."

सगळी बस हसली. आतापर्यंत न हसलेली माणसंही हसली. ती मधल्या वाटेत उभी होती, दोन्ही बाजूंना हसणारे चेहरे, आणि तिला पहिल्यांदा कळलं की हे वाक्य आपलं आहे. तिने वर पाहिलं. पुढे माइक धरून तो उभा होता, तोही हसत होता, आणि तिची नजर मिळताच त्याचं हसू एकदम उतरलं. त्यालाही तेव्हाच कळलं असावं. पण बस बांधली गेली होती.

ती हसली. दुसरं काय करणार? मावशी हसतात, ती गोष्ट तिला तोंडपाठ होती.

त्यानंतर त्याला थांबता आलं नाही. थांबला असता तर नुकतीच बांधली गेलेली बस पुन्हा सुटली असती. आणि लकब शोधायला त्याला लांब जावं लागत नव्हतं. "मावशींच्या पर्समध्ये स्वतःचा चमचा असणार, पैजेवर सांगतो." चमचा निघाला. "मावशी गुहेत आधी उजवा पाय ठेवणार, बघा." तिने उजवाच ठेवला. लोक थक्क झाले. गाईडसाहेब चेहरा वाचतात, असं त्या मोठ्या कुटुंबातले आजोबा म्हणाले. एकीने विचारलं, "मावशी, तुमचे मिस्टर नाही आले?"

"कामावर असतात," ती म्हणाली.

"मिस्टर घरी शांतपणे झोपले असतील," माइकमधून आलं. "दोन दिवसांची सुट्टी त्यांनाही हवीच." पुन्हा हशा. ड्रायव्हर तर डोळे पुसत होता. त्याला ती कोण हे माहीत नव्हतं.

धबधबा तिने पाहिला, पण त्याचं तिला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की ती कठड्याला धरून उभी होती आणि मागे कोण हसतंय का याकडे तिचे कान होते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी माइक नव्हता, तरी तो टेबलांमधून फिरत म्हणाला, "मावशी रात्री झोपेत बोलत असणार. त्यांच्या कपाळावरच लिहिलंय."

"अय्या, हो," नर्सबाई पटकन म्हणाल्या. दोघींची खोली एकच होती. "सारखं विचारत होत्या, ‘कानामागे दुखतंय का?’"

एवढा हशा दोन दिवसांत झाला नव्हता. ती झोपेत बोलते हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तिने चमचा पर्समध्ये ठेवला आणि उरलेला नाश्ता तसाच सोडला.

दुपारी तळ्याकाठी राजाराणीचा बाक लागला. तिथे सहलीतली सगळी जोडपी पाळीपाळीने बसून फोटो काढतात, तशी प्रथाच आहे. शेवटी कुणीतरी ओरडलं, "मावशी एकट्या का? गाईडसाहेब, तुम्हीच बसा त्यांच्याशेजारी." तिला ओढून बसवलं, त्याला ढकलत आणलं. तो गवतातलं एक फूल तोडून नाटकीपणे पुढे आला. बाकावर बसल्यावर त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं. ते त्याने चटकन मागे घेतलं. "हसा मावशी," फोन धरलेला माणूस म्हणाला. ती हसली. फोटोत दोघांचंही हसू सारखंच दिसतं.

बसकडे परतताना नर्सबाई तिच्या बरोबरीने चालू लागल्या.

"मी तसं बोलायला नको होतं सकाळी. झोपेचं."

"त्यात काय," ती म्हणाली.

"नाही, ऐका. मागच्या वर्षी याच बसमध्ये मी होते. मावशी म्हणून. माझ्या या थर्मासपायी. बाहेरचा चहा सोसत नाही हो मला, एवढंच होतं. घरी जाऊन जावयाला सांगितलं, मस्त झाली सहल. आणि थर्मास माळ्यावर टाकून दिला. यंदा म्हटलं, पुन्हा जायचं. नाहीतर ती ठिकाणं माझी बघायची राहिली ती राहिलीच." त्या जरा थांबल्या. "पण तुमच्यावर वळलं ना सगळं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटते. म्हणून सकाळी तोंडातून निघून गेलं असेल. त्यांच्यातली व्हायला."

तिच्या डोळ्यांपुढे छातीशी चमचा धरलेली मुलगी होती.

"आणि ते राजवाड्याचं वाक्य," बाई म्हणाल्या, "माझ्याही वेळी तेच म्हणाले होते. ज्याला कुणाला सुचलं असेल ना, त्याला माणसाचं दुखरं ठिकाण बरोबर सापडतं."

बसमध्ये बाईंनी थर्मास उघड्यावर काढला, झाकणात चहा ओतला आणि आधी तिला दिला. तो पिताना तिची मान वर झाली नाही. सूर्यास्ताच्या कड्यावर ती उतरलीच नाही. पाय दुखतात म्हणाली.

*

घरी दोघं वेगवेगळीच पोचली. मुलगी आणि सासूबाई पानं मांडून बसल्या होत्या. नवरा हातपाय धुऊन ताटावर बसला, आणि मुलीने सवयीने विचारलं, "हं, या वेळी मावशी कोण?"

"मी," ती म्हणाली.

मुलगी खदखदून हसली. सासूबाईही हसल्या. मग दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हसू एकेकीच्या तोंडावर जिथल्या तिथे राहिलं.

तेव्हापासून त्या टेबलावर सहलीची गोष्ट झाली नव्हती. मधे तो एकदा बस घेऊन जाऊन आला, मुलीने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. तो खाली बघून जेवतो आणि स्वतःचं ताट स्वतः उचलतो, जे त्याने लग्नानंतर कधी केलं नव्हतं. ती त्याच्यावर रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पण तिला नीट रागावताच येईना. रागाचं तोंड उघडलं की आधी आपलंच वाक्य बाहेर येतं.

दुकानात परवा एक वयस्क बाई फ्रेम बघायला आल्या. जाड काळी फ्रेम घालून आरशाकडे तोंड नेऊन, डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "कशी दिसते हो मी?" नव्या पोरीने ओठ आवळले. हिने तिला नेहमीप्रमाणे डोळ्यांनी दटावलं, आणि पुढे तिचेच हात चालेनात. काडी गरम हवेवर इतका वेळ राहिली की वितळून वाकडी झाली. मालकांनी आतून विचारलं, "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली, "लक्ष नव्हतं माझं."

*

"हे बघ," नवरा आता आवाज खाली आणून म्हणाला, "मी चुकलो. हे मी म्हटलं नाही असं नाही."

"नाही म्हटलंत."

"मग आता म्हणतो. चुकलो. पण तिथे ड्रायव्हर येणार, ऑफिसातला एखादा येणार. तू कोण हे कळलं तर मला गाडीवरून उतरवतील. आणि ओळख लपवून यायचं तर पुन्हा…" त्याने शब्द गिळला.

"पुन्हा मावशी व्हायचं."

"म्हणून तर म्हणतो, जाऊ नकोस." तो जरा थांबला आणि समजूत घालायला गेला. "खरं सांगू? लोकांनी तुला किती डोक्यावर घेतलं. तुझ्यासारखी मावशी मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती."

आपण काय बोललो ते त्याच्या कानावर गेलं तसा त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. डावा कान जरा खाली आहे त्याचा. तिने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं, आणि तिने ते त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"तू माझ्यावर ओरड तरी," तो म्हणाला.

"ओरडू कशी? तुम्ही माइकवर बोलत होतात, मी इथून पुरवत होते. त्या नर्सबाईंनी वर्षभर थर्मास माळ्यावर ठेवला, आणि आपण इथे बसून… त्यांनी मला त्याच थर्मासातला चहा दिला. मी प्यायले. सांगितलं नाही."

"काय सांगायचं होतंस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना आता ऐकू येत होतं.

"मी कोण ते."

मुलीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "आई, त्यांची नक्कल मीच करत होते."

"हो. आणि मी तुला म्हणत होते, पुन्हा कर."

सासूबाईंनी पदराने नसलेलं काहीतरी पुसलं. नवरा उठला, फ्रीज उघडला, दूध काढलं आणि आईपुढे ठेवलं. मग बसायचं सोडून तसाच उभा राहिला, माइक काढून घेतलेल्या माणसासारखा, हातांचं काय करावं ते न कळून.

"समज, काढलं मला," तो म्हणाला.

"काढतील किंवा नाही काढणार. तुम्ही आधी जाऊन स्वतः सांगितलंत तर निदान त्यांना बाहेरून कळणार नाही."

"आणि तिथे सगळ्यांसमोर मी काय म्हणू? ही माझी बायको?"

"त्यात एवढं अवघड काय आहे?"

तिने शेवटची पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले, पुसले आणि चौथी खुर्ची ओढून बसली.

"ऐका सगळ्यांनी," ती म्हणाली. "शनिवारी हे ऑफिसात जाऊन सांगतील की त्या सीटवर मी होते. रविवारी आम्ही दोघं जेवायला जाणार आहोत. एकाच टॅक्सीने जाऊ, एकत्र उतरू. मी नर्सबाईंच्या शेजारी बसणार आहे आणि मी कोण ते त्यांना सांगणार आहे. राजवाड्याचं वाक्य माझं आहे, तेही सांगणार आहे. दुपारचं तुम्ही दोघी बघून घ्या, मी काही करून ठेवणार नाही."